वाशीमच्या ताम्रपटातील परिहार आणि त्यांतील गाव

वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा वाशीम येथील ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. तेव्हापासून आजपर्यंत त्यावर झालेले लिखाण विपुल आहे. यशवंत खुशाल देशपांडे व महाजन यांनी तो प्रथम विद्वानांपुढे ठेवला. पुढे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी महाजनांच्या सहकार्याने एपिग्राफिया इंडिकाच्या २६ व्या खंडात त्याचे संपादन केले; १९५७ च्या ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या मराठी ग्रंथात आणि १९६३ साली निघालेल्या कॉर्पस इन्स्क्रिप्शनम् इंडिकारमच्या पाचव्या खंडात त्याचा पुन्हा परामर्श घेतला. या सर्व लिखाणाचा रोख राजवंशावर आहे, आणि ते स्वाभाविक होते. वत्सगुल्माची शाखा त्यापूर्वी जवळजवळ अज्ञात होती. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील वराहदेवाच्या लेखात बुह्लर यांनी ज्या ठिकाणी रुद्रसेन वाचले होते, तेथे सर्वसेन हे नाव असले पाहिजे, हे मिराशींनी याच ताम्रपटाच्या आधारे दाखवून दिले. राजशेखराच्या काव्यमीमांसेतील विदर्भाचे वत्सगुल्म नगर, कामसूत्रातील वत्सगुल्मक, प्राकृत ‘हरिविजय’ काव्याचा कर्ता सर्वसेन, ही सुटी सुटी पडलेली नावे या एका शासनामुळे एका ठिकाणी आली. ही कामगिरी थोर आहे, आणि तिचे मोल कमी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु या ताम्रपटाचे दोन भाग आहेत. पहिला, म्हणजे राजाच्या पूर्वजांचा व त्यांनी केलेल्या यज्ञांचा, संस्कृतात आहे. दुसरा, म्हणजे प्रत्यक्ष दानाचा, प्राकृतात आहे. पहिल्या भागावर ग्रंथ झाले. दुसऱ्या भागाची संभावना मात्र बहुतेकांनी ‘नेहमीचे परिहार’ या दोन शब्दांत केली. मिराशींनी त्यांतील एकेक पद सोडविले हे खरे, पण तेही राज्यव्यवस्थेच्या अंगाने. म्हणजे राजाला काय काय मिळत असे, हे सांगण्यासाठी. ज्या गावाकडून ते मिळत असे, त्या गावाच्या अंगाने ही पदे वाचण्याचा प्रयत्न आमच्या पाहण्यात फारसा आला नाही. वाशीमच्या मुलखातील शेतकऱ्याच्या जीवनाविषयी इतका जुना आणि इतका तपशीलवार कागद दुसरा नसता, तो केवळ साचा म्हणून बाजूस सारावा हे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून हा टीकालेख.

दिलेल्या गावाचे नाव आकासपद्द. ते नांदीकडाच्या उत्तर मार्गात, म्हणजे उत्तरेकडील विभागात, ताकालखोप्पक नावाच्या गावाजवळ होते. नांदीकड म्हणजे नांदेड, यात वाद नाही. ताम्रपट वाशीमला सापडला आणि आज्ञा वत्सगुल्माहून सुटली, तरी गाव वाशीमच्या शिवेत असलेच पाहिजे असे नाही. पैनगंगेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या त्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ते कोठेतरी होते, इतके म्हणता येते. काल मिराशींच्या मते चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. राज्यवर्ष ३७, हेमंताचा पहिला पक्ष, दिवस ४. गाव ज्या ब्राह्मणांस दिला ते अथर्ववेदी होते, आणि तो त्यांच्यात भागांनी वाटून दिला होता.

या मितीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वर्षाचे तीन ऋतू व प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष, अशी ही जुनी गणना आहे; तीत हेमंताचा पहिला पक्ष कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू होतो. वऱ्हाडातील कोणासही विचारावे, त्या दिवसांत खरिपाचे पीक कोठे असते? कापून खळ्यावर आलेले असते किंवा येण्याच्या बेतात असते. राजाचा धान्यातील वाटा ज्या आठवड्यांत मापला जावयाचा, नेमक्या त्याच आठवड्यांत गावाचा धनी बदलला. हा योगायोगही असू शकेल. एका मितीवरून सिद्धांत बांधू नये. तथापि ताम्रपटांच्या मित्यांचा विचार आजवर केवळ राजांचे शक ठरविण्यासाठी झाला, तो शेतीच्या हंगामाशी ताडून पाहण्यास काय हरकत आहे?

आता परिहारांकडे वळू. त्यांच्या अर्थाविषयी एक जुना वाद आहे. तो मिटला असे धरून सर्व चालतात, पण कशामुळे मिटला हे क्वचितच सांगितले जाते. १८८८ साली फ्लीट यांनी प्रवरसेन दुसरा याच्या चम्मक व सिवनी येथील संस्कृत ताम्रपटांचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांत ‘अपारम्परगोबलिवर्द’, ‘अपुष्पक्षीरसन्दोह’, ‘अचारासनचर्माङ्गार’ अशी नकारयुक्त पदे ओळीने येतात. फ्लीट यांनी त्यांचा अर्थ असा केला की, दान घेणाऱ्यास गाईबैलांवर, फुलांवर व दुधावर, चराईवर, कातड्यांवर व कोळशावर हक्क नाही. म्हणजे राजाने गाव दिले, पण या वस्तू आपल्याकडे राखून ठेवल्या.

हा अर्थ व्याकरणाने अशक्य नाही, पण प्रकरणाने अशक्य आहे. कारण याच मालिकेच्या आरंभी ‘अकरदायी’ व ‘अभटच्छात्रप्रावेश्य’ ही पदे आहेत, आणि शेवटी सर्व वेठीतून सुटका सांगितली आहे. तेथे फ्लीट यांनीही माफीचाच अर्थ घेतला. आरंभी माफी, मध्येच राखण, आणि शेवटी पुन्हा माफी, असा अर्थाचा पालट एकाच समासमालेत, मध्ये कोणताही सूचक शब्द नसता, मानावयाचा कसा? मीमांसेचा ओनामा शिकलेला विद्यार्थीही येथे वाक्यभेदाचा दोष दाखवील.

तरी संस्कृत पाठावरून वादाचा निर्णय पुरता होत नाही, कारण ‘सन्दोह’ हा शब्द दोन्हीकडे वळतो. निर्णय होतो तो प्राकृतावरून. वाशीमच्या शासनात याच जागी फुले व दूध यांच्यापुढे ‘गहण’, म्हणजे ग्रहण, हा शब्द आहे. ग्रहण म्हणजे घेणे. जे घेतले जावयाचे नाही, त्याची ही यादी आहे, आणि घेणारा राजाचा माणूस आहे. बेल्लारीकडील हिरहडगल्लीचे पल्लव शिवस्कंदवर्म्याचे प्राकृत शासन बुह्लर यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्याच खंडात छापले. तेथेही बैलांच्या संबंधात हाच ‘गहण’ शब्द येतो. नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत कारकुनांची परिभाषा एक होती, आणि तिचे मूळ प्राकृत होते. संस्कृत रूपे मागाहून बनविली गेली आणि बनविताना काही ठिकाणी धूसर झाली. जुन्या प्राकृताचा अर्थ नंतरच्या संस्कृतावरून लावण्याची आम्हां संस्कृताभ्यासकांची सवय येथे उलटी करावी लागते.

अर्थ एकदा असा निश्चित झाला, म्हणजे माफीची यादी ही वस्तुतः ओझ्यांची यादी ठरते. जे आकासपद्दाला माफ झाले, ते शेजारच्या ताकालखोप्पकाला माफ झालेले नव्हते. नाही तर माफीस किंमत काय? एका गावाच्या सुटकेत दहा गावांची बांधणी वाचता येते. ती वाचून पाहू.

पहिले ओझे भटांच्या प्रवेशाचे. भट म्हणजे राजाचे शिपाई. गावात शिपाई शिरला की तो काय मागतो, हे पुढील पदे सांगतात: खाट आणि अन्न. ‘खट्टा’ हा ताम्रपटातील शब्द आमच्या ‘खाट’ या शब्दाचा साक्षात पूर्वज आहे. ‘चोल्लक’ म्हणजे शिजविलेले अन्न. दौऱ्यावरील अधिकाऱ्यास निजावयास खाट व जेवावयास रांधलेले अन्न गावाने पुरवावे, असा शिरस्ता होता. हिरहडगल्लीच्या शासनातही हीच जोडी आहे. त्यानंतर येतात चर्म व अंगार: बसावयास कातडे आणि चुलीस कोळसा. संस्कृत शासनांत याच्या जोडीस ‘चार’ आहे. मिराशींनी त्याचा अर्थ घोड्याबैलांचे गवत असा घेतला, तो आम्हांस मान्य आहे. खेड्यात त्यास अजूनही चाराच म्हणतात, कोशात पाहावे लागत नाही. ही सर्व पदे एकत्र वाचली म्हणजे राजपुरुषाचा मुक्काम डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याने बसावयाचे कशावर, निजावयाचे कशावर, खावयाचे काय, आणि त्याच्या जनावरांनी खावयाचे काय, हे सर्व गावाने पाहावयाचे.

दुसरे ओझे बैलांचे. ‘परंपरा’ शब्दाचा येथे अर्थ पाळी. राजाच्या मालाची किंवा अधिकाऱ्याच्या सामानाची ने-आण करावयाची, तर या गावच्या बैलांनी पुढच्या गावापर्यंत, तेथून त्या गावच्या बैलांनी, अशी पाळी लागे. बलिवर्दाचे प्राकृत रूप ‘बलिवद्द’. शेजारच्या गुजरातीत ‘बळद’ अजून चालतो. सर्व करांत हाच कर आम्हांस सर्वांत जाचक वाटतो. धान्याचा वाटा पीक आल्यावर द्यावयाचा असतो. पीक नाही, तर वाटाही कमी. बैलाची पाळी हंगाम पाहून येत नाही. काळ्या जमिनीत पावसानंतर वाफसा येतो तो मोजक्या दिवसांचा. त्याच्या आत तिफण चालली तर पेरणी साधली, नाही तर जमीन एक तर चिखल असते किंवा ढेकूळ. त्या चार दिवसांत घरची जोडी राजाच्या गाड्यास जुंपली गेली, तर शेतकऱ्याचे वर्ष गेले. अर्थशास्त्राचे आधार देऊन या पदावर टिपणे लिहिणाऱ्यांनी वाफशाचा उल्लेख केलेला आम्ही पाहिला नाही.

फुले आणि दूध ही बाब क्षुल्लक वाटते, पण तीत एक भेद आहे. धान्य वर्षातून एकदा वा दोनदा मापले जाते. फुले व दूध रोजचे. ते मागावयास माणूस रोज दारी येतो. जुन्या समाजात करभाराचा त्रास केवळ मापावर ठरत नसून मागणीच्या वारंवारतेवरही ठरतो. मीठ खणण्याच्या बंधनाविषयीचे पद आणखी कठीण आहे. त्यातील ‘क्लिन्न’ या अंशाचा फ्लीट यांनी ओले मीठ असा अर्थ केला, आणि मिराशींनी आंबविलेले मद्य असा. आमचा कल मिराशींकडे आहे. पण मीठ खणणे ही राजाची बाब होती याविषयी दोघांचे ऐकमत्य आहे, आणि वाशीमच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस वऱ्हाडात समुद्र नसताना मिठाचा कर कशावर, असा प्रश्न पडणार नाही.

राहिले ‘हिरण्य-धान्य-प्रणय’. काव्ये वाचणाऱ्यास प्रणय शब्द येथे पाहून क्षणभर चमकावयास होते. परंतु राजनीतीत प्रणय म्हणजे राजाने प्रजेजवळ प्रेमाने मागितलेला जादा कर; प्रेमाने मागितलेला असल्यामुळे तो नाकारता येत नाही. कौटिल्याने कोश रिकामा झालेल्या राजास तो मागण्याची मुभा दिली आहे, मात्र एकदाच, दुसऱ्यांदा नव्हे, असेही बजावले आहे. वाशीमच्या शासनात या प्रणयातून सूट द्यावी लागली, यावरून कौटिल्याची ताकीद कितपत पाळली जात होती हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही कैक वर्षे मुलांस रघुवंशाचा पहिला सर्ग शिकविला; दिलीप राजा कर घेई तो सूर्य पाणी शोषतो तसा, सहस्रपटीने परत देण्यासाठी, ही उपमा शिकविताना वर्गात मोठा आनंद होई. त्याच विदर्भातील त्याच सुमाराचा हा ताम्रपट त्या श्लोकाशेजारी ठेवून शिकविण्याचे पाठ्यपुस्तक आमच्या हाती कधी आले नाही.

येथपर्यंत आम्ही मिराशींच्या मागून चाललो आहो, फक्त निराळ्या बाजूने. आता जेथे आमचा मतभेद आहे तेथे येऊ. या परिहारांकडे पाहून वाकाटकांच्या राज्यात प्रजेवर दया होती, असा सूर पुष्कळ लेखकांच्या लिखाणात उमटतो. हा सूर ताम्रपटास धरून नाही. माफी मिळाली ती दान घेणाऱ्यांस. राजाचा शिपाई आता आकासपद्दात शिरणार नाही, दूध नेणार नाही, बैल नेणार नाही, इतकेच शासन सांगते. ते दूध, ते बैल आणि तो धान्याचा वाटा नवीन भागीदार मागणार नाहीत, असे शासनात कोठेही नाही. उलट, निधि व उपनिधि यांसह गाव दिले आहे. जमिनीत पुरलेले धनही त्यांचे. शेतकऱ्याच्या खांद्यावरील जू उतरले की केवळ जुंपणारा बदलला, याचे उत्तर या पत्र्यांवर लिहिलेले नाही, आणि नसलेले उत्तर दयेच्या बाजूने गृहीत धरण्याचा अधिकार इतिहासलेखकास नाही.

याहूनही अधिक बोलकी गोष्ट म्हणजे आज्ञा कोणास उद्देशून आहे ही. राजा म्हणतो ते आपल्या नेमलेल्या अधिकाऱ्यांस, भटांस, आणि गावोगाव फिरणाऱ्या कुलपुत्रांस. आकासपद्दाच्या शेतकऱ्यांस राजा काहीच सांगत नाही. याच काळाच्या पुढेमागे उत्तर बंगालातील दामोदरपूरचे गुप्तकालीन ताम्रपट निघाले. त्यांत गावचे महत्तर, ग्रामिक आणि कुटुंबी यांचा उल्लेख आहे, जमिनीचा व्यवहार त्यांना कळवून केला आहे. ‘कुटुंबी’ म्हणजेच आमचा कुणबी. वंगदेशातील कुणब्यास ताम्रपटात जागा मिळाली, आणि वत्सगुल्माच्या कुणब्यास त्याच्याच गावाच्या शासनात मिळाली नाही! हा भेद राज्यपद्धतीचा की केवळ कारकुनी रिवाजाचा, हे एका ताम्रपटावरून ठरणार नाही. पण तो भेद नोंदविलाच पाहिजे. चम्मकच्या शासनाने हा मुद्दा दुसऱ्या बाजूने स्पष्ट होतो. तेथे ८,००० भूमी १,००० ब्राह्मणांस दिली आहे, आणि त्यांनी राजद्रोह करू नये, ब्रह्महत्या वा चोरी करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावास उपद्रव देऊ नये, अशा अटी घातल्या आहेत. दुसऱ्या गावास उपद्रव देऊ नये, अशी अट आहे. स्वतःच्या गावातील शेतकऱ्यास उपद्रव देऊ नये, अशी अट त्यांत नाही.

मग प्राकृताचे प्रयोजन काय? काहींनी या दुभाषीपणास संक्रमणकालाचे लक्षण म्हटले आहे, आणि कालदृष्ट्या ते बरोबर आहे. सातवाहनांचे प्राकृत मागे पडून संस्कृत वर येत होते, पुढे याच शाखेची शासने संस्कृतात निघाली. पण संस्कृत कोठे व प्राकृत कोठे, हा वाटा आंधळा नाही. राजाचे यज्ञ व पूर्वज संस्कृतात. बैल, खाट, दूध, कोळसा हे प्राकृतात. जो भाग ऐकून प्रत्यक्ष अंमल करावयाचा, तो त्या भाषेत, जी फिरत्या शिपायास समजे. ज्यांस तो समजे, त्यांच्यापासून बोलीत तो खाली गावातही पोचत असला पाहिजे. दान घेणाऱ्यांची नावेही ‘रुद्दज्ज’, ‘चंदज्ज’ अशी बोलीतली आहेत. अथर्ववेदी पंडितांसही गावात याच नावांनी हाक मारीत असत. राजसभेत वत्सगुल्माचे नाव ज्या प्राकृत काव्याने गाजले, ते प्राकृत आणि हे प्राकृत यांत अंतर आहे, हेही येथे सुचविले पाहिजे.

अलीकडील लेखकांपैकी रामशरण शर्मा यांनी १९६५ च्या भारतीय सामंतशाहीवरील ग्रंथात अशा परिहारांस मोठे महत्त्व दिले. राजाने आपले अधिकार दान घेणाऱ्यांच्या हाती सोपविले आणि त्यातून सामंतव्यवस्था वाढली, असा त्यांचा पक्ष आहे. दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे जोरदार खंडन केले. आमच्या मते शर्मा यांचे श्रेय हे की, परिहार हे साचा नसून पुरावा आहेत हे त्यांनी विद्वानांस मानावयास लावले. त्यांचा दोष हा की, पुराव्याने जितके सांगितले त्याहून अधिक त्यांनी त्याच्या तोंडी घातले. सरकार यांचे खंडन शब्दार्थापुरते बिनतोड आहे, पण वाचून झाल्यावर गाव पुन्हा नाहीसे होते. कृष्णमोहन श्रीमाळी यांनी १९८७ साली वाकाटक लेखांवरून मध्य भारत व उत्तर दख्खनच्या शेतीव्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो प्रत्येक संग्राहकाने वाचावा असा आहे. कारण शेती हाच त्याचा विषय आहे. मात्र विषयाच्या व्याप्तीमुळे नर्मदेकाठचे व पैनगंगेकाठचे गाव तेथे एका रांगेत बसते. काळ्या जमिनीची व डोंगराळ जमिनीची शेती एक नव्हे.

दुसऱ्या टोकास आमचे मराठी लेखक आहेत. वऱ्हाडाच्या प्राचीन खेड्याचे वर्णन करावयाचे झाले की ते त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ उघडतात आणि पाटील, कुळकर्णी, बारा बलुते यांची मांडणी उचलून वाकाटककालात नेऊन बसवितात. ‘गावगाडा’ १९१५ चा. आत्रे यांनी मुंबई इलाख्याच्या महसुली कामात जे पाहिले, ते लिहिले, आणि त्या जातीचा दुसरा ग्रंथ मराठीत नाही. परंतु तो देशावरील खेड्याचा ग्रंथ आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. आकासपद्दाच्या शासनात पाटील नाही, बलुतेदार नाही. ते नव्हतेच, असे आम्ही म्हणत नाही. ते होते असे म्हणण्यास हे शासन आधार देत नाही, एवढेच. खुद्द वऱ्हाडची घडण मधल्या काळात अनेकदा बदलली. अकबराच्या वेळी वाशीम हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, त्यानंतर मुंबई पद्धतीची जमीन पाहणी होऊन खातेदार निर्माण झाला. लायल यांचे १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर व १९१० चे अकोला जिल्हा गॅझेटियर ही या खातेदाराच्या खेड्याची वर्णने आहेत. वाशीम जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यात घातला गेला होता, तो १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. गॅझेटियरकारांच्या काळी ताम्रपट सापडलेला नव्हता, तेव्हा त्यांनी वाशीमचा प्राचीन इतिहास स्थानिक माहात्म्यातील वत्स ऋषीच्या व पद्मतीर्थाच्या कथेवर भागविला यात त्यांचा दोष नाही. ताम्रपट सापडल्यावरही आम्ही १९१० चे खेडे मागे सरकवीत राहिलो, हा मात्र आमचा दोष होय.

करांखेरीज गावाच्या जीवनाची दुसरी बाजू पाण्याची. तिचा पुरावा सुदैवाने वाशीमजवळच मिळाला आहे. हिस्से-बोराळा येथील देवसेनाच्या कारकिर्दीतील शिलालेख शके ३८० चा, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमाराचा. वाकाटकांच्या लेखांत शकाचा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे कालगणनेच्या अभ्यासकांनी त्यावर झडप घातली, आणि वादही पुष्कळ केले. लेखाचा मूळ विषय मात्र तलाव आहे. देवसेनाचा आज्ञाकर स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचा जलाशय बांधविला, त्याची ही नोंद. सुदर्शन हे नाव ऐकताच जुनागडचे सुदर्शन सरोवर आठवते. त्याची दुरुस्ती शक क्षत्रप रुद्रदामन् याने इ. स. १५० च्या सुमारास केली. आणि ते पुन्हा फुटल्यावर स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने इ. स. ४५६ च्या सुमारास बांधले, म्हणजे हिस्से-बोराळ्याच्या लेखाच्या अवघी दोन वर्षे आधी. नाव तेथून आले असावे असे आमचे मत आहे.

रुद्रदामनाने आपल्या लेखात एका गोष्टीचा मुद्दाम अभिमान मिरविला आहे. नगर व जनपद यांतील लोकांस कर, विष्टि व प्रणय यांनी न पीडता, आपल्या कोशातील द्रव्याने बांध बांधला, असे तो सांगतो. हे तिन्ही शब्द वाचकांच्या ओळखीचे झाले आहेत. कर व प्रणय वाशीमच्या ताम्रपटात आहेत, विष्टि चम्मकच्या. आणि विष्टि म्हणजेच मराठीतील वेठ. स्वामिल्लदेवाने असा अभिमान मिरविलेला नाही. वाशीमजवळच्या सुदर्शनाची माती कोणी वाहिली? वेठीने वाहिली की मजुरीने? रुद्रदामनाच्या लेखाशेजारी ठेवल्यावर हे मौन लक्षात येते, आणि ते आमच्या मते लेखाच्या शकाइतकेच विचारार्ह आहे. या गावाच्या नावातील ‘हिस्से’ हा शब्द अर्थात फार मागाहूनचा, यावनी अमलातला. परंतु गाव हिश्शांनी वाटले जाण्याची रीत तेवढी नवी नाही, हे आकासपद्दाच्या भागांवरून दिसतेच.

हे लिहिण्याचा एक व्यावहारिक हेतूही आहे. आमच्या वाचकांत हस्तलिखितांचे व जुन्या कागदांचे संग्राहक पुष्कळ आहेत. कारंजाच्या जैन भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत झाली, म्हणून त्या विद्वानांस उपलब्ध झाल्या. गावकागदांचे असे भाग्य नाही. देशपांडे-पटवाऱ्यांच्या घरचे रुमाल उघडले जातात ते सनदा व मोहरा पाहण्यासाठी. शेतवार यादी, पाळीपत्रक, पाणंदीचा तंटा, असले कागद बाजूस पडतात. ताकालखोप्पक म्हणजे टाकळी, असे नावावरून जुळविण्याचा मोह होतो. पण वऱ्हाड-मराठवाड्यात टाकळ्या इतक्या आहेत की नुसत्या नावाने निर्णय होणे नाही. दोन नावे शेजारी शेजारी सापडली पाहिजेत, आणि गावे मोडतात तेव्हा त्यांची नावे शिवारात, शेतांच्या व नाल्यांच्या नावांत, उरतात. हिंगोली-नांदेडच्या उत्तर भागातील, तसेच वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर या तालुक्यांतील शेतांची नावे ज्यांच्या जुन्या दप्तरांत असतील, त्यांनी त्यांत आकास, आकासपद व खोप या अक्षरांशी मिळती नावे पाहावीत, आणि आढळल्यास गावाचे नाव, शेताची दिशा, जवळचा नाला व कागदाची मिती या चार गोष्टींसह ती या त्रैमासिकाकडे पाठवावीत. मूळ कागद पाठविण्याची गरज नाही, नक्कल पुरे. मात्र नक्कल करताना शुद्धलेखन सुधारू नये.